मल्लाचे उत्तरायुष्य : बाळंभटदादा देवधर आणि नाशिकची बलोपासना

खेळाडूची कारकीर्द शरीराच्या बळावर उभी असते आणि शरीराचे बळ थोड्याच वर्षांत ओसरू लागते. मल्लाची मान व खांदे, धावपटूचे पाय, मुष्टियोद्ध्याची नजर ही तिशी ओलांडता ओलांडता साथ सोडतात, नवे खेळाडू पुढे येतात, जुने विक्रम मोडले जातात आणि कालपर्यंत ज्याच्या नावाचा जयघोष होत होता, त्याला आखाड्याबाहेर कोणी ओळखेनासे होते. तरीही काही खेळाडूंची सार्वजनिक प्रतिमा, म्हणजे ज्यांनी त्यांना कधी पाहिलेही नाही अशा लोकांच्या मनातील त्यांचे रूप, त्यांच्या खेळापेक्षा पुष्कळ अधिक काळ टिकते, आणि अशा नावांत धर्मश्रद्ध खेळाडूंचा भरणा सहज लक्षात येण्याइतका असतो. हे कसे घडते ते समजून घेण्यासाठी नाशिक जिल्ह्यात एक फार मोलाचे उदाहरण उपलब्ध आहे. निफाड तालुक्यातील, नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळ परिसराजवळ वसलेल्या कोठुरे या गावी १७८० मध्ये जन्मलेले बाळंभटदादा देवधर हे ते उदाहरण होय. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन करणारे आद्यगुरू म्हणून त्यांचे नाव दोन शतकांनंतरही घेतले जाते.

बाळंभटदादांची प्रतिमा ज्या मातीत रुजली, ती माती बलोपासनेला, म्हणजे शक्तीची कमाई ही एक प्रकारची पूजाच आहे असे मानण्याच्या वृत्तीला, आधीपासूनच सरावलेली होती. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरील अंजनेरी हा डोंगर हनुमंताचे जन्मस्थान म्हणून परिसरात पूजला जातो. आता शहराचाच भाग झालेल्या टाकळी येथे समर्थ रामदासांनी १६२० ते १६३२ अशी बारा वर्षे तपश्चर्या केली असे परंपरा सांगते. पहाटे सूर्यनमस्कार, मग नदीच्या पाण्यात उभे राहून जप आणि दुपारी माधुकरी असा तेथील दिनक्रम वर्णिला जातो, आणि त्यांनी शेणाचा घडवलेला मानला जाणारा गोमय मारुती आजही टाकळीच्या मठात पाहायला मिळतो. रामदास मल्ल नव्हते, परंतु जप आणि नमस्कार, देव आणि दंड हे एकाच दिनक्रमात बसू शकतात, नव्हे तसे ते बसले पाहिजेत, हा संस्कार त्यांच्या परंपरेने महाराष्ट्रभर पोचवला. ‘आखाडा’ या शब्दाचे दोन अर्थही येथे आठवतात. सिंहस्थात नाशिकला वैष्णव साधूंचे आणि त्र्यंबकेश्वरला शैव संन्याशांचे आखाडे उतरतात, आणि ज्या हौद्यात पैलवान लाल मातीत घुमतो त्यालाही आखाडाच म्हणतात. एकच शब्द दोन्हीकडे चालतो, याचे कारण दोन्हीकडे शिस्त, गुरू आणि व्रत यांचा व्यवहार एकाच जातीचा होता.

आता मूळ आख्यायिकेकडे वळणे योग्य ठरेल. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत निजामाच्या हैदराबादेकडील अली आणि गुलाब हे दोन नामांकित मल्ल ठिकठिकाणची जैतपत्रे, म्हणजे विजयाचे लेखी दाखले, मिळवत पुण्यास आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबारातील मल्लांना आव्हान दिले. कोणी पुढे येईना, तेव्हा तरुण बाळंभटाने ते आव्हान स्वीकारले, तयारीसाठी काही दिवसांची मुदत मागून घेतली आणि थेट सप्तशृंगगड गाठला. वणीजवळच्या या गडावर त्याने अनुष्ठान मांडले. देवीने दृष्टांत देऊन मारुतीकडून विद्या मिळेल असे सांगितले आणि मारुतीने प्रकट होऊन लाकडी खांबावर कुस्तीचे डाव करून दाखवले, असे परंपरा सांगते. पुण्यास परतल्यावर बाळंभटाने अलीला चीत केले आणि ते पाहून गुलाबाने कुस्ती न लढताच काढता पाय घेतला, असा कथेचा शेवट आहे.

या कथेची रचना बारकाईने पाहिली, तर प्रतिमा टिकण्याचे पहिले कारण तिच्यातच सापडते. प्रत्यक्ष कुस्ती तीत जेमतेम एका वाक्याची आहे. डाव कोणता पडला, झुंज किती वेळ चालली, पंच कोण होते, याकडे सांगणाऱ्याचे लक्षच नाही. कथेचा सारा भार गडावरच्या अनुष्ठानावर आहे. जी लढत केवळ लढत म्हणून सांगितली जाते, ती पुढच्या मोठ्या लढतीने झाकोळली जाते, कारण दोन लढतींची तुलना करता येते. जी लढत कृपेचा प्रत्यय म्हणून सांगितली जाते, तिला मात्र तुलनाच उरत नाही. १०,००० मीटर शर्यतीत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या, नाशिक जिल्ह्यातीलच सावरपाड्याच्या कविता राऊत यांच्या यशाला घड्याळाची नोंद आहे आणि घड्याळाची नोंद कोणीतरी एक दिवस मागे टाकू शकतो. दृष्टांताला तसे कोणी मागे टाकू शकत नाही.

तरीही केवळ आख्यायिकेच्या आधारावर बाळंभटदादांचे नाव टिकले असते असे मानणे चुकीचे ठरेल. गडागडावर आणि गावोगावी दृष्टांताच्या कथा आहेत, आणि त्यांतील बहुतेक त्या त्या पंचक्रोशीबाहेर गेल्या नाहीत. बाळंभटदादांच्या कथेत देवाकडून मिळालेली वस्तू ही ताईत किंवा शस्त्र नव्हती, ती शिकवता येण्याजोगी विद्या होती. या विद्येची मुळे त्यांच्याही आधीची आहेत. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांनी करावयाच्या खांबावरील व्यायामाचा उल्लेख येतो, आणि म्हणूनच बाळंभटदादांना जनक न म्हणता पुनरुज्जीवक म्हणणे अधिक न्याय्य आहे. एका कुस्तीपुरते कमावलेले कसब त्यांनी पद्धतशीर शिक्षणाच्या रूपात बांधले, हे त्यांचे खरे कर्तृत्व होय.

मल्लखांब जवळून पाहिला, तर तो मल्लाचाच पुतळा आहे हे ध्यानात येते. सागवान किंवा शिसवी लाकडाचा, जमिनीवर सुमारे अडीच मीटर उंच, खाली जाड आणि वर निमुळता होत जाणारा हा खांब तीन भागांत ओळखला जातो. खालचा मोठा भाग म्हणजे अंग, त्यावरची बारीक झालेली जागा म्हणजे मान आणि टोकाचा गोलसर भाग म्हणजे बोंड. खांब निसरडा राहावा, पण हातापायांचे सालटे निघू नये, यासाठी त्याला एरंडेल चोळतात. मांड्या आणि पोटऱ्या यांनी खांबाला घातलेला वेढा म्हणजे अढी, आणि ही अढी पक्की बसेपर्यंत नवशिक्याला पुढे काही करू दिले जात नाही, कारण उलटे लटकलेल्या शरीराचा सारा भार तिच्यावरच असतो. पुढे तेढी, बगली, दसरंग, फरारे, सुईदोरा, वेल, ताजवा अशी उड्यांची व पकडींची मोठी मालिका आहे. जिवंत प्रतिस्पर्धी दमतो, दुखावतो, घरी जातो. खांब मात्र पहाटेपासून तेथेच उभा असतो, आणि ज्याला एकट्याने साधना करायची आहे त्याला त्याच्याइतका विश्वासू सोबती नाही. मल्लखांबाला हात लावण्याआधी खांबाला आणि मारुतीला नमस्कार करण्याची रीत आजही अनेक व्यायामशाळांत पाळली जाते. प्रत्येक नवा विद्यार्थी अढी मारताना त्या जुन्या कथेचा एक भाग स्वतःच्या अंगाने पुन्हा करून पाहतो, आणि ऐकलेल्या गोष्टीपेक्षा अंगाने केलेली गोष्ट पुष्कळ अधिक काळ स्मरणात राहते.

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने ‘करिश्मा’ या संज्ञेचा जो वापर केला, तो येथे उपयोगी पडतो. करिश्मा म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या ठायी लोकांना जाणवणारे असाधारण तेज. पण असे तेज त्या व्यक्तीबरोबरच विझू नये असे वाटत असेल, तर ते विधी, पद किंवा शिष्यपरंपरा यांत उतरावे लागते, असे वेबरचे प्रतिपादन आहे. मराठी भाषेने हे उतरणे संबोधनांतच नोंदवून ठेवले आहे. बाळंभटाचा ‘दादा’ झाला, त्यांच्या परंपरेतील कोंडभट गोडबोले यांचा ‘नाना’ झाला. कुस्ती लढणे थांबवून शिकवू लागलेला पैलवान ‘वस्ताद’ होतो आणि पुढे ‘गुरुजी’ होतो. या संबोधनांत एक थोरपण आहे, जे पदकाने मिळत नाही. लढणाऱ्याला गाव नावाने हाक मारते. शिकवणाऱ्याला मात्र नात्याने हाक मारते, आणि नाते निवृत्त होत नाही.

धर्मनिष्ठ खेळाडूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. बनारसच्या आखाड्यांचा अभ्यास करून अमेरिकी मानवशास्त्रज्ञ जोसेफ ऑल्टर यांनी १९९२ मध्ये ‘द रेसलर्स बॉडी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. पैलवानी हा खेळ असण्यापेक्षा जीवनक्रम आहे, असे त्यांचे सांगणे आहे. पहाटे उठणे, मातीची सेवा, आहाराचा संयम, ब्रह्मचर्याचा आदर्श, मारुतीचे दर्शन आणि वस्तादाची आज्ञा हे सारे त्या जीवनक्रमात येते. यांतील एकही गोष्ट जिंकण्याहरण्यावर अवलंबून नाही आणि म्हातारपणी सोडून द्यावी लागत नाही. साठीचा पैलवान कुस्ती लढू शकत नाही, पण पहाटे हौद्याची माती खणून तीत ताक व हळद मिसळू शकतो, मारुतीपुढे दिवा लावू शकतो आणि पोराची मान धरून त्याला डाव दाखवू शकतो. लोकांना तोच माणूस त्याच वेळी त्याच जागी दिसत राहतो, आणि म्हणूनच कारकीर्द नेमकी कोणत्या दिवशी संपली हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

बाळंभटदादांच्या नावाचा प्रसार मात्र एका राजकीय पराभवामुळे झाला, ही इतिहासातील विलक्षण बाब आहे. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांना शरण गेला आणि त्याची रवानगी कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला झाली. बाळंभटदादाही त्या परिवाराबरोबर उत्तरेत गेले. राज्य गेलेल्या दरबारात वेळ भरपूर होता, बाजीरावाला व्यायामाची आवड होती आणि आसपास महाराष्ट्रातून आलेली कुटुंबे होती. नानासाहेब, तात्या टोपे आणि मनकर्णिका, म्हणजे पुढची झाशीची राणी लक्ष्मीबाई, यांनी तेथील आखाड्यात मल्लखांबाचे धडे घेतले, असे परंपरा अभिमानाने सांगते. कोंडभटनानांनी बनारसला आखाडा उभा केला. तेथून आणि माळव्यातील मराठी संस्थानांतून ही विद्या उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेरकडे रुजली, इतकी की २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून घोषित केले. बाजीराव १८५१ मध्ये आणि बाळंभटदादा १८५२ मध्ये वारले. त्यानंतर पाचच वर्षांत बिठूर उद्ध्वस्त झाले, परंतु तोपर्यंत विद्या अनेक ठिकाणी पोचलेली होती.

शेवटची पायरी छापखान्याची होती. बडोद्यात दत्तात्रेय चिंतामण उर्फ आबासाहेब मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड संपादित केले आणि मराठीत व्यायामविद्येचा एवढा मोठा संग्रह प्रथमच उभा राहिला. तोंडी परंपरेतील गुरूंची नावे, घराणी आणि डावांची परिभाषा यांना त्यामुळे कायमचा निवारा मिळाला. मुजुमदारांच्या या कामाची महती आज जितकी गायली जावी तितकी गायली जात नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रातच आहे आणि ते मनाला लागणारे आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. त्यांच्या विजयाला दिनांक, वजनगट आणि पदक असे सर्व पुरावे होते. तरीही १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा राष्ट्रीय पातळीवर त्यांचा यथोचित गौरव झालेला नव्हता, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० मध्ये. जैतपत्राशिवाय बाळंभटदादा टिकले आणि पदक असूनही खाशाबा अनेक दशके विस्मृतीत राहिले, यातून पुरावा आणि प्रतिमा या किती वेगळ्या गोष्टी आहेत ते दिसते. खाशाबांच्या बाबतीत समाजाने कर्तव्य पाळले नाही हे खरेच, पण कोणत्याही रोजच्या विधीत त्यांचे नाव गुंफलेले नव्हते, हेही तितकेच खरे.

जगाच्या इतिहासातही असे दाखले मिळतात. ग्रीसमधील थासोस बेटाचा थिआजेनिस हा इ.स.पू. ४८० मध्ये ऑलिंपियात मुष्टियुद्ध जिंकला आणि ४७६ मध्ये पँक्राशन, म्हणजे कुस्ती आणि मुष्टियुद्ध यांचे मिश्रण असलेला प्रकार, जिंकला. त्याचा पिता हेराक्लिस या बलदेवतेचा पुजारी होता आणि खरा जन्मदाता प्रत्यक्ष हेराक्लिसच होता, असे त्याच्या बेटावर मानले जाई. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पुतळ्याची पूजा सुरू झाली, आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात प्रवासवर्णन लिहिणारा पॉसेनिअस सांगतो की आजार बरे करणारा देव म्हणून थिआजेनिसला मान होता. आधुनिक काळात स्कॉटिश धावपटू एरिक लिडल याने १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी, म्हणजे ख्रिस्ती विश्रामदिनी, धावणे नाकारून १०० मीटरची शर्यत सोडली, ४०० मीटरचे सुवर्ण जिंकले आणि पुढच्याच वर्षी धर्मप्रसारक म्हणून चीनची वाट धरली. १९४५ मध्ये जपानी नजरकैदेतील छावणीत तो मरण पावला. मुहम्मद अली यांनी इस्लामचा आधार घेऊन १९६७ मध्ये सैन्यभरती नाकारली, ऐन उमेदीची वर्षे गमावली, आणि १९९६ मध्ये अटलांटात थरथरत्या हाताने ऑलिंपिक ज्योत पेटवली तेव्हा जगाने त्यांच्यात जुन्या विजेत्यापेक्षा मोठा माणूस पाहिला. लिडल आणि अली यांची प्रतिमा त्यागावर उभी आहे, थिआजेनिसची पूजेवर; बाळंभटदादांची मात्र अध्यापनावर उभी आहे, आणि या चौघांत तीच सर्वांत भक्कम म्हणावी लागेल, कारण ती रोज नव्या शरीरांतून चालू राहते.

प्रतिमा टिकते तशी ती जाडही होत जाते, याचा विचार केल्याशिवाय विषय पुरा होत नाही. ज्या सप्तशृंगीच्या पायाशी बाळंभटदादांनी अनुष्ठान केले, त्या अठरा हातांच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धेने शेंदराचा लेप चढत गेला होता. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते थर उतरवण्यात आले आणि देवीच्या चेहऱ्याची व अलंकारांची मूळ घडण भाविकांना दिसली. त्यामुळे भक्ती कमी झाली नाही, उलट दर्शनाची ओढ वाढली. श्रद्धेने घडलेल्या माणसांच्या चरित्रांनाही असेच जपून हाताळणे इष्ट आहे. बाळंभटदादांच्या कथेवरचा एक थर तर उतरवलाच पाहिजे, आणि तो म्हणजे अली व गुलाब यांच्या नावांवरून कुस्तीला दोन धर्मांच्या झुंजीचे रूप देण्याचा मोह. ते हैदराबादेकडून आलेले व्यावसायिक मल्ल होते आणि आव्हान देणे हा त्यांच्या पेशाचा भाग होता. मराठी व्यायामपरंपरेचा स्वभाव कसा आहे, हे पाहायचे असेल तर बडोद्याकडे पाहावे. तेथे जुम्मादादा या मुस्लिम वस्तादांचे शिष्यत्व राजरत्न प्रा. माणिकराव यांनी पत्करले आणि आयुष्यभर ज्या संस्थेत कार्य केले, ती आजही ‘जुम्मादादा व्यायाम मंदिर’ या नावाने ओळखली जाते. ‘मंदिर’ आणि ‘जुम्मादादा’ हे दोन शब्द शेजारी ठेवताना त्या पिढीला अडखळावे लागले नाही.

पुरुषाचे कठोर व्रत हीच ज्या विद्येची ओळख होती, ती आज मुलींच्याही हातात आहे, आणि दोरीच्या मल्लखांबावर त्यांनी दाखवलेली झेप पाहिली की जुन्या प्रतिमेला किती नवे अर्थ फुटू शकतात ते कळते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनला भारतीय व्यायामप्रकार दाखवले होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा मुंबईत भरली, तेव्हा परदेशी मुलामुलींनीही अंगाला व खांबाला एरंडेल लावून अढी मारली. ती स्पर्धा दादरच्या शिवाजी पार्कवर झाली आणि तिच्या आयोजनात १९२५ साली स्थापन झालेल्या ज्या संस्थेचा पुढाकार होता, तिचे नाव टाकळीच्या तपस्व्याची आठवण देणारे आहे : समर्थ व्यायाम मंदिर.